मोहतर्फ्यापासून डिजिटल विक्रीपर्यंत : कारागिराच्या मिळकतीची नोंद

आपल्या स्मरणिकेत आजवर ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी, घराण्यांच्या स्थलांतरांविषयी आणि समाजातील कर्तबगार स्त्रीपुरुषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या सुईदोऱ्यावर आणि कात्रीवर आपल्या शिंपी समाजाची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका चालली, त्या धंद्याच्या मिळकतीची सरकारदरबारी नोंद कशी होत आली, या प्रश्नाकडे कोणी फारसे वळलेले दिसत नाही. विषय रुक्ष खरा. कराचे नाव काढताच श्रोते उठून जातात असा माझा अनुभव आहे. तथापि आपल्या घराघरांतील मुलेमुली आज ज्या नव्या धंद्यात पडली आहेत, तो पाहता हा इतिहास केवळ जुन्या दप्तरांचा राहिलेला नाही.

मला हा विषय सुचण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. माझी एक भाची, शिंप्याच्याच घरात वाढलेली, लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली बेतायला शिकलेली. दुकान थाटण्याऐवजी तिने निराळीच वाट धरली. ब्लाउज, कुर्ते आणि लहान मुलांचे कपडे यांचे पेपर पॅटर्न ती संगणकावर आखते, प्रत्येकाचे सात-आठ मापांत आकार काढते आणि त्यांच्या पीडीएफ फाइली ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक पैसे भरते, फाइल उतरवून घेते, घरी कागदावर छापते आणि त्यावरून कापड बेतते. २०२२-२३ या वर्षात तिची विक्री सुमारे सात लाख रुपयांची झाली. विक्रीमंचाची दलाली, जाहिरात आणि इतर खर्च वजा जाता चार लाखांच्या आसपास रक्कम उरली. मी आयुष्यभर लोकांचे जमाखर्च लिहिले असल्यामुळे सहज विचारले, "विवरणपत्र भरलेस ना?" त्यावर ती म्हणाली, "मामा, मी विकले तरी काय? विकली म्हणजे वस्तू आपल्या हातून जायला हवी. फाइल तर अजून माझ्याच संगणकात आहे!"

त्या वेळी मला हसू आले. रात्री विचार करता मात्र वाटले, की पोरीचा प्रश्न वेडगळ नव्हे. काय विकले, किती विकले आणि ते कोणी मोजायचे, याच प्रश्नाभोवती कारागिराच्या कराचा सारा इतिहास फिरत आलेला आहे.

मराठी अमदानीत जमिनीच्या साऱ्याखेरीज जे कर असत, त्यांत मोहतर्फा हा एक प्रमुख होय. दुकानदार व कारागीर यांच्यावर धंदेवार बसणारा हा कर. आता कारागिराची मिळकत ठरवावी कशी? त्याची वही तपासण्याची सोय नव्हती. बहुतेकांपाशी वहीच नव्हती. तेव्हा जे डोळ्यांना दिसेल ते मोजावे, हाच व्यवहार्य मार्ग होता. कोष्ट्याचे माग मोजता येत, तेल्याचे घाणे मोजता येत, वाण्याचे दुकान दिसे. शिंप्याचे सर्व भांडवल तर एका पिशवीत मावणारे! त्याच्या बाबतीत दुकानाच्या ओट्याखेरीज मोजण्यासारखे दुसरे काय होते? अलुतेदारांच्या काही याद्यांत शिंप्याचे नाव आढळते. म्हणजे गावगाड्यात त्याला स्थान होते, पण शेताच्या बांधासारखी त्याच्या कमाईला दिसणारी हद्द नव्हती. हत्यारावर वा दुकानावर कर बसला, की त्या वर्षी धंदा चालो वा न चालो, कर ठरलेलाच. मंदीत रिकामा पडलेला माग आणि सुगीत रात्रंदिवस चालणारा माग यांत सरकारी हिशेबी भेद फारच थोडा.

कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात हे कर काही काळ तसेच चालू ठेवले. अखेर १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरांतील जकाती, मोहतर्फा, बलुत्यावरील कर आणि धंद्यांवरील सर्व प्रकारच्या पट्ट्या रद्द करण्यात आल्या. आपल्या वाडवडिलांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! पण तूट भरून काढण्यासाठी त्याच वर्षी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला आणि त्यावरून सुरतेस दंगा उसळला, तेव्हा तो बारा आण्यांवर आणावा लागला. कारागिराच्या दुकानावरून उठलेला कर असा त्याच्या ताटातल्या मिठावर जाऊन बसला.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला कर्जाने ग्रासले. त्यातून मार्ग काढण्यासाठी जेम्स विल्सन हे अर्थमंत्री म्हणून विलायतेहून आले आणि त्यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्रथम आयकर आणला. २०० ते ५०० रुपयांच्या वार्षिक मिळकतीवर दोन टक्के आणि त्यावरील मिळकतीवर चार टक्के असा त्याचा दर होता. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या योजनेला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. विल्सनसाहेब स्वतः त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यास वारले. त्यांचा कर १८६५ मध्ये संपला.

या कराने एक अगदी नवी कल्पना मात्र आणली. आजवर सरकार कारागिराचे हत्यार मोजीत होते. आता ते त्यालाच विचारू लागले, की बाबा रे, तुझी कमाई किती ते तूच लिहून दे. माग मोजून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हे विचित्र वाटले असल्यास नवल नाही. घरची मिळकत परक्याला सांगणे म्हणजे घरची लाज उघडी करणे, अशी आपल्याकडची समजूत. ती अजूनही पुरती गेलेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

त्यानंतर काही वर्षे सरकारची धरसोड चालू राहिली. १८६७ मध्ये धंद्यांवर परवाना कर बसला, दुसऱ्या वर्षी त्याचे नाव बदलले, १८६९ मध्ये पुन्हा आयकर आला आणि १८७३ मध्ये तोही गेला. पुढे १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचा निधी उभारण्याच्या हेतूने परवाना कर परत आला. त्याविरुद्ध एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत दुकाने बंद झाली आणि दंगल माजली. लोकांचा राग समजण्याजोगा होता. हा कर व्यापारी व कारागीर यांनी द्यायचा; सरकारी नोकर, वकील, डॉक्टर यांना तो नव्हता! पगार दरमहा सरकारी वहीत नोंदलेला असे, म्हणजे मोजायला सर्वांत सोपा. पण तोच वगळलेला, आणि ज्याची कमाई ऋतूबरोबर वरखाली होते तो कारागीर मात्र पकडलेला. १८८० मध्ये ५०० रुपयांखालील मिळकत या करातून सुटली तेव्हा लहान कारागिरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

हा पक्षपात १८८६ च्या आयकर कायद्याने दूर केला. पगार व पेन्शन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांचे व्याज आणि इतर मिळकत असे चार वर्ग करून पगारदारालाही त्याने कराच्या कक्षेत आणले. शेतीचे उत्पन्न वगळले. ते आजतागायत वगळलेलेच आहे. लहान धंदेवाल्याची आकारणी कलेक्टर बव्हंशी आपल्या अंदाजाने करी आणि अंदाज चुकला तर तक्रार करण्याचे काम त्याचे. करमाफीची मर्यादा ५०० रुपये होती. १९०२ च्या मार्चमध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले, त्यात ही मर्यादा हजार रुपयांवर न्यावी अशी मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, ती मान्य झाली. गोखल्यांच्या या भाषणाची विद्वत्तेसाठी कीर्ती आहे. पण पाचशे आणि हजार यांच्या दरम्यान मिळकत असलेल्या किती दुकानदारांच्या घरी त्यामुळे दिवाळी बरी गेली असेल, याचाही विचार व्हावा असे मला वाटते.

१९१८ व १९२२ चे कायदे, १९४४ मध्ये आलेला आगाऊ कर, १ एप्रिल १९६२ पासून चाललेला १९६१ चा अधिनियम आणि त्याची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून केलेला २०२५ चा नवा अधिनियम, ही पुढची वाटचाल येथे सविस्तर सांगण्याचे प्रयोजन नाही. नव्या अधिनियमाने 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा वर्षानुवर्षांचा घोळ मिटवून 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला. माझ्यासारख्या जुन्या कारकुनाला सामान्य माणसाला ते दोन शब्द समजावून सांगण्यात किती तास गेले ते आठवून या बदलाचे कौतुक वाटते.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. कपड्याचे पॅटर्न विकणे ही काही संगणकयुगाची निर्मिती नाही. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या एका शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न छापून विकण्यास आरंभ केला. कपडा न शिवता कपड्याचे ज्ञान विकणारा तो आपलाच व्यवसायबंधू म्हणावयाचा. त्याच्या हातून निदान कागद तरी जात होता. फाइलीच्या बाबतीत तोही जात नाही. मग विकले काय? हाच वाद निराळ्या रूपाने आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्यातील खटल्यात २००४ साली न्यायालयाने ठरविले, की तयार सॉफ्टवेअर तबकडीवर घालून विकले असता तो विक्रीकराच्या दृष्टीने मालच होय. मूळ प्रत कर्त्यापाशी राहते एवढ्याने विक्रीचे स्वरूप बदलत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि इंटरनेटवरून उतरवून घेण्याच्या अशा बहुतेक गोष्टी सेवा या सदरात गणल्या जाऊ लागल्या. ज्या पुस्तकाची छापील प्रत आहे त्याच्या ई-पुस्तकावरील हा कर २०१८ मध्ये पाच टक्क्यांवर आणला गेला, इतर डिजिटल मालाला मात्र ती सवलत मिळाली नाही.

परंतु माल की सेवा हा वाद विक्रीवरच्या करापुरता. आयकराला त्याच्याशी कर्तव्य नाही. तो मिळकत विचारतो, आणि ती फाइल विकून आली काय किंवा सदरा शिवून आली काय, धंद्याची मिळकत ती धंद्याची मिळकत. (आभासी चलन आणि तत्सम टोकन यांवर २०२२ पासून तीस टक्क्यांचा जो कर आहे तो वेगळा, पॅटर्न, ई-पुस्तके, शिकवणीचे व्हिडिओ यांच्याशी त्याची गल्लत करू नये.) विक्रीची वीस लाखांची मर्यादा ओलांडीपर्यंत सेवा विकणाऱ्या लहान विक्रेत्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाही, त्यावरून पुष्कळजण समजतात की आयकरही नाही. या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत.

येथे इतिहासाने एक मौजेचे वळण घेतले आहे. ज्या मालाला वजन नाही, गोदाम नाही, ज्याच्या कारागिराच्या घरात संगणकाखेरीज काही दिसत नाही, त्याची मिळकत मोजणे सर्वांत कठीण व्हावयास हवे होते. झाले उलटेच. ही विक्री रोखीने होत नाही आणि बाजारही दुसऱ्याच्या मालकीचा. तेव्हा सरकारने कारागिराऐवजी बाजाराच्या मालकालाच मोजणीस बसविले. १ ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन विक्रीमंचाने विक्रेत्याच्या एकूण विक्रीवर एक टक्का कर कापून सरकारात भरावा असा नियम झाला; १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर एक दशांश टक्का झाला. पॅन दिलेल्या व्यक्तीची त्या मंचावरील वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असल्यास कपात होत नाही. कापलेला कर आणि ज्या रकमेवर तो कापला ती रक्कम, दोन्ही विक्रेत्याच्या पॅनवर नोंदली जातात; नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खाते जे वार्षिक माहितीपत्रक दाखविते त्यात ती दिसतात. मोहतर्फ्याच्या काळात माग मोजण्यास माणूस दारी येई. आता मोजणी आपोआप होते आणि आपल्याला चाहूलही लागत नाही.

मात्र हा नवा मोजणीदार मोजतो ते एकूण विक्री. भाचीच्या बँकेत आले साडेपाच लाख, कारण दलाली मंचाने आधीच वजा केली होती. माहितीपत्रकात मात्र सात लाख. कारागिराने आपल्या वहीत बँकेत आलेली रक्कमच लिहिली, तर त्याचा आणि सरकारचा आकडा कधीच जुळणार नाही. एकूण विक्री जमेस धरावी आणि दलाली, जाहिरात, संगणकाचा घसारा हे खर्चात लिहावे, हीच रीत होय.

भाचीने तर त्या वर्षाचे विवरणपत्रच भरले नाही. त्याचा परिणाम काय झाला तो लिहितो, कारण तो दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये. तिची चार लाखांची मिळकत त्या वर्षीच्या पाच लाखांच्या सवलतीत बसत होती, म्हणजे कर शून्य. परंतु मिळकत अडीच लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. मंचाने कापलेले सुमारे सात हजार रुपये तिला परत मिळाले असते. उशिरा भरण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२३ निघून गेली. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे झाली. पण त्या मार्गाने कर भरता येतो, परतावा मागता येत नाही! चुकलेल्याकडून घेण्यासाठी दार उघडे आणि देण्यासाठी बंद, हा न्याय मला तरी एकतर्फी वाटतो. शेवटी विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला आहे; हे लिहीपर्यंत त्याचा निकाल लागलेला नाही. सात हजारांहून मोठे नुकसान निराळेच झाले. भरतकामाच्या यंत्रासाठी तिने एका बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा तीन वर्षांची विवरणपत्रे मागण्यात आली. मिळकत होती, गिऱ्हाईक होते, हातात कसब होते, कागद नव्हता. कर्ज मिळाले नाही.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण मिळकतीवर कर लागत नाही. हे ऐकून आपल्या समाजातील अनेक तरुणांनी विवरणपत्राचा विचारच सोडून दिला आहे. बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे. विवरणपत्र भरण्याचे बंधन मात्र मिळकत चार लाखांच्या वर गेली की येते. परदेशी मंचावर ई-पुस्तक विकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील विक्रीच्या स्वामित्वधनावर तेथे साधारणतः तीस टक्के कर कापला जातो. १९८९ मध्ये उभय देशांत झालेल्या करारामुळे योग्य तो नमुना भरून दिल्यास ती कपात पंधरा टक्क्यांपर्यंत येते, आणि तेथे भरलेल्या कराची वजावट येथे मिळू शकते. ती मिळण्यासाठीही प्रथम येथे मिळकत दाखवावी लागते.

ज्यांना वह्या ठेवणे जमत नाही अशा लहान धंदेवाल्यांसाठी २०१०-११ पासून अंदाजित नफ्याची व्यापक सोय झाली. विक्रीच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या बाबतीत २०१६-१७ पासून सहा टक्के, हा किमान नफा धरावयाचा. जुना कलेक्टर अंदाज करी आणि कारागीर तो सोशी. येथे अंदाजाची रीत पत्करावी की वही दाखवावी हे कारागीर स्वतः ठरवितो, एवढा फरक दीडशे वर्षांत पडला. तथापि सहा टक्के हा तळ आहे. फाइल विकणाऱ्याला कापड लागत नाही, दोरा लागत नाही. त्याचा खरा नफा त्याहून पुष्कळ अधिक असतो आणि तेवढा दाखविणेच सरळ. अशा धंदेवाल्याचा वर्षाचा कर दहा हजारांवर जात असेल, तर तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात आगाऊ भरावा लागतो.

माझे आजोबा साताऱ्यास शिवणकाम करीत. त्यांची १९५८ सालची रोजकीर्द माझ्याजवळ आहे. आयकराशी त्यांचा जन्मात संबंध आला नाही, तेवढी मिळकतच नव्हती. तरीही गिऱ्हाईकाचे नाव, कापडाचे वार, शिलाई, इसार आणि बाकी असे पाच रकाने आखून ते रोज रात्री कंदिलाच्या उजेडात लिहीत. कोणाचे कापड कमी भरले असा आळ आला, की ती वही पुढे करीत. गेल्या पाडव्याला मी ती भाचीला दाखविली. तिने तिची पाने चाळली आणि दुसऱ्या दिवशी एक नवी वही आणून स्वतःचे रकाने आखले: पॅटर्नचे नाव, एकूण विक्री, मंचाची दलाली, कापलेला कर, बँकेत आलेली रक्कम. पाच रकाने होतात. सहावा कशासाठी रिकामा ठेवलास असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "मामा, माहितीपत्रकातला आकडा त्यात लिहीन. जुळला नाही तर तुमच्याकडे येईन." एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे आकडे मी तपासले आहेत. मे महिन्यात ४२० रुपयांचा फरक होता. एका गिऱ्हाइकाला परत केलेली रक्कम विक्रीतून वजा करावयाची राहिली होती.